सातत्याची वही

कप डाव्या हातात. सिगारेट अर्धी.
बाईच्या केसांची एक बट कानामागे, एक बाहेर.
खिडकीतले ढग मी लिहीत नसे,
ढगांचा हिशेब कोण मागतं?
जिल्दास मागायचा.

एकतीस वर्षं मी त्याच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला बसले,
गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही.
काम एवढंच :
मंगळवारी दाराबाहेर पडलेला माणूस
शुक्रवारी त्याच दारातून आत येईल, तेव्हा
त्याच सदऱ्यात, त्याच घामात असावा.
मधल्या तीन रात्री त्याने कशा काढल्या,
ते चेहऱ्यावर दिसता कामा नये.

तो द्वार्ननेचा. आई सार्डिनच्या कारखान्यात,
मिठाने खाल्लेली बोटं.
बाप बोटीवर गेला, आणि सातव्या दिवशी
बोट परत आली.
बोटच.
हे त्याने कधी चित्रित केलं नाही.
कुणी खोदून विचारलंच तर म्हणे,
"तिथे कॅमेरा ठेवायला जागा नव्हती."

पहिल्या सिनेमात चूक माझी.
नायिका ओली छत्री घेऊन घरात शिरते,
आणि पुढच्याच शॉटमध्ये छत्री ठणठणीत कोरडी.
बावीस वर्षांची मी, संकलनाच्या खोलीत
फिल्मच्या डब्यांमागे जाऊन रडले.
तो म्हणाला, "राहू दे, आर्मेल.
अग्निशामक दलाचा पाऊस तासावर मिळतो,
आणि आपल्याकडे आता पाच मिनिटांचेही पैसे नाहीत."

मग पॅरिसच्या एका समीक्षकाने
त्या छत्रीवर तेरा पानं लिहिली.
काळ तिथे म्हणे दुमडतो.
पोरं वह्या घेऊन यायची, आवाज खाली आणून विचारायची,
"ती छत्री...?"
जिल्दास खिडकीबाहेर बघत राहायचा,
जणू उत्तर फार दुखरं आहे.
आणि दर नाताळला माझ्या घरी
एक नवी छत्री पोचायची. चिठ्ठी नाही.

दुसरा सिनेमा चालला.
तिसरा रेनच्या थिएटरातून सहाव्या दिवशी उतरला,
पोस्टरवरचा डिंकही वाळला नव्हता.
नंतरची सहा वर्षं आम्ही मोहरी विकली :
चमचा उजव्या हातात, हसू चार सेकंद.
ओदेत पियानो घेऊन गेली,
भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन ठेवून.
त्या चौकोनासमोर त्याने
उएसाँ बेटावरचा सिनेमा लिहिला,
ज्यात कुणीच काही बोलत नाही
आणि वारा कुणालाच बोलू देत नाही.
लोकांनी पाहिला, पण वीस वर्षांनी.
बक्षीस घ्यायला बोलावलं, तर हा
मंचावर, भाषणं चालू असताना, गाढ झोपला.
(पाय उजवा डाव्यावर. चष्मा खिशात. मी लिहून ठेवलंय.)

शेवटी शेवटी त्याचेच शॉट जुळेनासे झाले.
रात्री दोनला फोन यायचा :
"आर्मेल, मी स्वयंपाकघरात उभा आहे.
मी कुठून आलो?"
मी दिवा लावायचे, चष्मा शोधायचे,
समोर वही नसतानाही
पान उलटल्यासारखं करून सांगायचे,
"डावीकडच्या दारातून. अंगात निळा स्वेटर.
तुला पाणी हवं होतं."
"आणि आधीच्या दृश्यात?"
"आधीच्या दृश्यात तू झोपला होतास."
"बरं," म्हणायचा. "मग जुळतंय."

परवा त्याला सजवून ठेवलं होतं.
काळा सूट, इस्त्री कडक,
आणि गळ्यापाशी शर्टचं बटण लावलेलं.
ते बटण त्याने जन्मात लावलं नव्हतं,
लग्नातही नाही, मंत्र्यासमोरही नाही.

मी रांग सोडून पुढे झाले. वाकले. बटण काढलं.
त्याची लेक, माएल, दचकून म्हणाली,
"काय करताय?"
म्हटलं, जुळवतेय.

बाहेर ऊन होतं.
छत्री उगाच नेली होती.